स्तनाचा कर्करोग : पेशींचे स्थलांतर आणि आपली जबाबदारी

(ताइफ येथील जयंती-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





जयंतीच्या मेळाव्यात बाबासाहेबांच्या जीवनकार्यावर बोलावे, ही आपली परंपरा. मंडळाने मात्र मला विज्ञानाचा विषय दिला, आणि तोही स्त्रियांच्या आजाराचा. सहकुटुंब बसलेल्या सभेत या विषयाचा काहींना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्या संकोचाविषयीच मला शेवटी बोलायचे आहे. तूर्त एवढेच स्मरण देतो की, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असा आग्रह धरला. स्त्रीचे शरीर आणि तिचे आरोग्य ही चार भिंतींआडची बाब आहे, असे त्यांनी कधीच मानले नाही. तेव्हा आजचा विषय जयंतीच्या बाहेरचा नाही.

जागतिक आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. भारतात ही संख्या सुमारे १ लाख ९२ हजार होती आणि त्याच वर्षी भारतात सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग भारतात हाच, आणि आपण पोटापाण्यासाठी आलो त्या सौदी अरेबियातही हाच.

आता एक साधा प्रश्न विचारू. स्तन हा काही हृदयासारखा किंवा मेंदूसारखा अवयव नव्हे. तो काढून टाकला तरी माणूस जगतो. मग स्तनातील एका गाठीने स्त्रीचा जीव का जावा? याचे उत्तर असे की, स्तनातील गाठ सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो त्या गाठीतल्या पेशी घर सोडून हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात वा मेंदूत जाऊन वसल्यामुळे. अमेरिकेतील आकडेवारी पाहिली तर रोग स्तनापुरता असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास आहे. दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर निदान झाले तर ते सुमारे ३० टक्क्यांवर येते. रोग तोच, स्त्रीही तीच. फरक फक्त पेशींनी केलेल्या प्रवासाचा. म्हणून या प्रवासाची आज्ञा कोण देतो आणि ती अडवता येते काय, हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांना पडलेला आहे.

हा प्रवास स्वैर नसतो, हे लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच दाखवून दिले. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पेशी काही विशिष्ट अवयवांतच वारंवार रुजतात, हे पाहून त्यांनी बी आणि जमीन यांचा दृष्टान्त दिला. आपल्यासारख्या शेतमजुरांच्या लेकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. वाऱ्यावर बी सगळीकडे उडते; उगवते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच.

येथे एक गैरसमज दूर करतो. पेशींचे स्थलांतर ही मुळात विकृती नाही. मातेच्या उदरात गर्भ आकार घेतो तो पेशी आपापल्या जागी चालत जातात म्हणून. बोट कापले तर कडेच्या पेशी सरकत येऊन जखम बुजवतात. परंतु निरोगी पेशी आज्ञेवाचून हलत नाही आणि काम संपले की थांबते. कर्कपेशीत चालण्याची तीच शक्ती असते. थांबण्याची शिस्त तेवढी नष्ट झालेली असते.

ही आज्ञा पेशीपर्यंत पोहोचते कशी? पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे संग्राहक असतात. बाहेरून आलेला रासायनिक निरोप त्यांच्यावर नेमका बसला की संग्राहकाचे आतले टोक जागे होते. ते दुसऱ्या प्रथिनाला जागवते, दुसरे तिसऱ्याला, आणि अखेरीस निरोप पेशीच्या केंद्रकात पोहोचून काही जनुके कामाला लागतात. या साखळीला संदेशमार्ग म्हणतात. आपण बौद्ध आहोत. प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपल्याला परका नाही. एक कारण असेल तर पुढचे कार्य घडते, आणि कारणाचा निरोध झाला तर कार्याचाही निरोध होतो. पेशीतील संदेशमार्ग ही अशीच कार्यकारणांची मालिका आहे. तीत दैव नाही, कोप नाही, पूर्वजन्मीचे पापही नाही. म्हणूनच ती अभ्यासता येते आणि एखादी कडी तोडता येईल अशी आशा धरता येते.

निरोप मिळाल्यावर पेशी चालते कशी, तेही पाहू. पहिल्याने शेजारच्या पेशींशी तिला बांधून ठेवणारी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाची पकड अनेकदा सैल होते. मग ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू पुढच्या बाजूस वेगाने गुंफले जातात आणि पेशीचा पातळ पदर पुढे सरकतो. इंटिग्रिन नावाचे संग्राहक नांगराप्रमाणे खालच्या पृष्ठभागात रुततात. मागचा भाग आकसतो, मागचे नांगर सुटतात आणि पेशी पाऊलभर पुढे जाते. वाटेत ऊतींची जाळी आडवी आली तर ती विरघळवणारी विकरे पेशी बाहेर सोडते. हे पाऊल इतके लहान असते की तासाभरात पेशी केसाच्या जाडीइतकीही सरकली तरी ती वेगवान म्हणावी लागेल. परंतु जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत किंवा लसिकावाहिनीपर्यंत पोहोचण्यास तेवढी गती पुरते. पुढचा प्रवास प्रवाहच घडवतो.

या विषयातील महत्त्वाचे काही काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे, ही गोष्ट परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. गोपाळ कुंडू यांच्या प्रयोगशाळेने ऑस्टिओपाँटिन या प्रथिनाचा अभ्यास केला. त्यांनी दोन प्रकारच्या पेशी घेतल्या. एक एमसीएफ-७, म्हणजे मिशिगन येथील एका जोगिणीच्या रोगातून मिळालेली, फारशी न पसरणारी जात. दुसरी एमडीए-एमबी-२३१, म्हणजे ह्यूस्टन येथील एका रुग्ण स्त्रीच्या फुफ्फुसाभोवती साठलेल्या द्रवातून मिळालेली, अत्यंत आक्रमक जात. त्या दोघी जाऊन कित्येक वर्षे लोटली. त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढवल्या जातात आणि इतर स्त्रियांच्या उपयोगी पडतात. दानपारमितेचा हा एक नवा अर्थच म्हणावा लागेल.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या संशोधनात असे दिसले की, ऑस्टिओपाँटिन हे इंटिग्रिनवर बसते आणि पेशीत पीआय-थ्री-कायनेज नावाचे विकर जागे होते. ते एकेटी या प्रथिनाला चेतवते, त्यातून एनएफ-कप्पा-बी हा केंद्रकातला कारभारी कामाला लागतो आणि अखेर पेशी युरोकायनेज नावाचे विकर बाहेर सोडते. ऊतींची वाट मोकळी करणाऱ्या विकरांपैकी हे एक. परिणामी पेशींची हालचाल वाढते. आणि विशेष हे की, पीआय-थ्री-कायनेजला अडवणारी रसायने वापरली किंवा पीटेन नावाचे निसर्गदत्त आवर घालणारे जनुक पेशीत कार्यरत केले, की ही सारी मालिका मंदावते. म्हणजे कडी तोडली की पुढची कडी निर्माण होत नाही, हे पुण्यातल्या बशीत प्रत्यक्ष दिसले. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, याच प्रयोगशाळेने ऑस्टिओपाँटिनचा निरोप वाढघटकाच्या संग्राहकालाही जागा करतो, असे दाखवले. एका दारावर टकटक केली आणि दुसरे दारही उघडले, असा हा प्रकार.

इथेच या रोगाचा कावेबाजपणा दिसतो. जेद्दाहून ताइफला येणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला रस्त्यांचा अनुभव आहे. मक्केच्या हद्दीपूर्वी फलक येतो आणि आपली वाहने बाहेरच्या वळणरस्त्याला लागतात. पुढे अल-हदाचा वळणावळणांचा घाट चढावा लागतो. पावसाने दरड कोसळून घाट बंद झाला, तरी ताइफला येणे थांबत नाही. वाहने अस-सैल-अल-कबीरच्या रस्त्याने वळवली जातात. पेशीचेही तसेच आहे. पीआय-थ्री-कायनेजचा रस्ता औषधाने अडवला तर कित्येकदा दुसऱ्या संदेशमार्गावरची रहदारी वाढते आणि निरोप मुक्कामी पोहोचतो. म्हणून एकच नाका अडवून भागत नाही. एकाच वेळी दोन-तीन नाक्यांवर पहारा बसवावा लागतो.

तरीही या ज्ञानातून हाती काही लागले नाही, असे नाही. ज्या स्त्रियांच्या रोगात हर-टू नावाचा संग्राहक वाजवीपेक्षा जास्त असतो, अशांचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्यता पावले आणि एकेकाळी अतिशय भयंकर गणल्या जाणाऱ्या या प्रकाराचे रूप पालटले. पीआय-थ्री-कायनेजवरचे अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली मान्य झाले. ही औषधे पेशीची वाढ आणि तग धरण्याची शक्ती यांवर मुख्यतः प्रहार करतात. केवळ चालणे थांबवावे, असा प्रयत्नही झाला होता. ऊती विरघळवणाऱ्या विकरांना अडवणारी औषधे १९९० नंतरच्या दशकात रुग्णांवर अजमावली गेली. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली ही औषधे माणसांत अपयशी ठरली.

या अपयशातून घेण्यासारखा धडा असा की, बशीतल्या पेशींवर जे चालते ते माणसाच्या देहात चालेलच असे नाही. आपले ताइफ गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. चैत्र-वैशाखात हदा आणि शफाच्या मळ्यांतून फुले उतरतात, भट्ट्यांवर अत्तर निघते. उद्या कोणी सांगितले की, अमुक फुलाच्या किंवा पाल्याच्या अर्काने बशीतल्या कर्कपेशी मेल्या, तर ती बातमी खरीही असू शकेल. परंतु त्या अर्काच्या बाटलीवर विसंबून कोणी शस्त्रक्रिया पुढे ढकलील तर ती आत्मघात करील. प्रमाणावाचून काही स्वीकारू नये, ही तथागतांची शिकवण बाटलीवरच्या चिठ्ठीलाही लागू आहे.

आता मुंबईकडे वळू. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या कितीतरी घरांना त्याची पायरी परिचित आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी एक निराळा प्रश्न विचारला. गाठीला शस्त्र लागते त्या काही मिनिटांत पेशींना जे निरोप जातात, त्यांतून पसरण्यास चालना मिळत असेल काय? पेशीच्या आवरणावर सोडियमची ये-जा करणारी दारे असतात आणि कर्कपेशींच्या आक्रमकतेशी त्यांचा संबंध असल्याचे प्रयोगशाळांत दिसले होते. ही दारे बंद करणारे औषध तर प्रत्येक दंतवैद्याच्या कपाटात असते : जागा बधिर करणारे लिग्नोकेन. भारतातील ११ केंद्रांत, २०११ पासून, ही चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती सर्व बाजूंनी लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १५८३ स्त्रियांचा हिशेब आहे. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जीव, आणि तेही ज्यावर कोणाचे पेटंट उरलेले नाही अशा जुन्या, स्वस्त औषधाने. हा लाभ सोडियमच्या दारांमुळेच होतो की आणखी कशाने, याचा उलगडा व्हायचा आहे आणि अन्य देशांतही पडताळा घ्यावा लागेल. परंतु गरिबाला परवडेल असा प्रश्न विचारणारे विज्ञान हेच आपले विज्ञान, असे मला वाटते.

यावरून कोणी असा अर्थ मात्र काढू नये की, सुई-सुरी लावणे घातक आहे. ‘गाठीला लोखंड लागले की ती चवताळते’ ही समजूत आपल्या गावांत खोल रुजलेली आहे. सुईने तुकडा तपासल्यामुळे स्त्रीचे आयुष्य घटते, असे दिसून आलेले नाही. न तपासल्यामुळे घटलेली आयुष्ये मात्र मोजावीत तेवढी थोडी. शस्त्रक्रिया अधिक निर्धोक करणे हे संशोधकांचे काम आहे; ती वेळेवर करून घेणे हे आपले.

वेळेचे मोल दाखवणारा दुसरा प्रयोगही मुंबईचाच. टाटा स्मारकाने १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांतून ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. महागडी यंत्रे वापरली नाहीत. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र विचार करता घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. तरीही एका आरोग्यसेविकेचे दोन हात काय करू शकतात, हे यातून सिद्ध झाले.

आता जे सांगतो ते सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

माझी थोरली बहीण विदर्भातल्या आमच्या गावी राहत असे. तिच्या डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ तिला लागली. ती दुखत नव्हती. अकरा महिने तिने कोणालाही सांगितले नाही. मी दर शुक्रवारी फोन करीत असे. ती विचारायची, जेवण मिळते ना, पगार वेळेवर होतो ना. मी विचारायचो, तुझे कसे आहे? ती म्हणायची, बरे आहे. त्या वर्षी तिच्या मुलाची फी मी पाठवत होतो. त्यात तपासणीचा खर्च माझ्यावर पडू नये, असे तिला वाटले. शिवाय ही गोष्ट भावाला सांगायची कशी? काखेत दुसरी गाठ आली, हात सुजला, तेव्हा घरच्यांना कळले. पेशी तोवर हाडांत पोहोचल्या होत्या. त्यानंतर ती तीन वर्षे झुंजली.

बंधू-भगिनींनो, त्या अकरा महिन्यांत मी प्रयोगशाळेत काय करीत होतो? सूक्ष्मदर्शकाखाली बशीतल्या पेशींच्या थरावर एक रेघ ओढून, चोवीस तासांत दोन्ही कडांच्या पेशी किती सरकल्या, ते मोजत होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. त्यांचा प्रत्येक सूक्ष्म अंतराचा हिशेब माझ्या वहीत आहे. माझ्या बहिणीच्या अकरा महिन्यांचा एकही आकडा माझ्यापाशी नाही. दोष तिचा नव्हता. हा विषय भावा-बहिणीत बोलायचा नसतो, हे तिला शिकवणाऱ्या समाजाचा होता, आणि त्या समाजात मीही होतो.

म्हणून सुरुवातीला ज्या संकोचाचा उल्लेख केला, त्याकडे परत येतो. पेशींचे संदेशमार्ग अडवण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. आपल्या घरातले संदेशमार्ग मात्र आपणच अडवून ठेवले आहेत. पहिले अडवले पाहिजेत, दुसरे उघडले पाहिजेत. आपण परदेशात असताना घरी पैसे पोहोचतात. प्रश्नही पोहोचले पाहिजेत. आई, बहीण, पत्नी यांना स्पष्ट शब्दांत विचारा : तपासून घेतलेस का?

त्यांना सांगा की, न दुखणारी गाठ ही निर्धास्त राहण्याची गोष्ट नव्हे. कातडीला खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे किंवा काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही आवर्जून सांगा, म्हणजे भीती पाय धरणार नाही. खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. मुंबईत राहण्याची चिंता असेल तर दादरला संत गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांना आसरा देते. इथे ताइफमध्ये असलेल्या आपल्या परिचारिका भगिनींना माझी विनंती आहे की, मंडळाच्या प्रत्येक मेळाव्यात त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र अर्धा तास ठेवावा. मंडळानेही मदतनिधीतला काही भाग गावाकडच्या तपासणीसाठी राखून ठेवावा, असा ठराव मी या सभेपुढे मांडतो.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. रुग्ण दारापर्यंत येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही; त्या रुग्णाच्या दारी गेल्या. आपल्याला एवढे मोठे काम कोणी सांगत नाही. आपण फक्त येत्या शुक्रवारी फोन लावायचा आहे, आणि ‘बरे आहे’ या उत्तरावर तो ठेवायचा नाही.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!